रिकामा कॉम्प्युटर कोणाला द्यावा, कोणाला देऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. घरात दोन मशीन. एक मुलाने मागे ठेवलेला डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १० वर चालणारा. दुसरा रोजच्या वापरातला लॅपटॉप, बँक आणि पेन्शनची कामं त्यावरच होतात. डेस्कटॉप रात्री चालू राहिला तर त्याचा पंखा मधूनच जोरात फिरू लागतो. पुतण्या म्हणतो, ‘काका, मशीन नुसतं पडून असतं, बॉइंक टाका, संशोधनाला मदत होईल.’ शेजारी म्हणतात, ‘तेच तर स्पायवेअर असतं.’ तेव्हा स्पायवेअरपासून बचाव कसा करायचा, आणि प्रोसेसरचा रिकामा वेळ दान करणं सुरक्षित आहे का?

सर, आधी थेट उत्तर देतो. बॉइंक, म्हणजे मशीनचा रिकामा वेळ संशोधन प्रकल्पांना देणारं सॉफ्टवेअर, हे स्पायवेअर (गुपचूप माहिती चोरणारा प्रोग्रॅम) नाही. तुम्ही स्वतः मूळ ठिकाणाहून उतरवून घेतलं असेल तर खुशाल चालवा. पण तुम्ही किंवा घरच्यांनी न टाकलेलं बॉइंक मशीनवर सापडलं, तर कोणीतरी आत शिरलंय हे नक्की समजा. पुतण्याचं बरोबर आहे आणि शेजाऱ्यांची शंकाही अगदी हवेतली नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो.

१९९९ च्या मे महिन्यात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सेटी ॲट होम सुरू झालं. पोर्तो रिकोतल्या आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेला डेटा छोट्या तुकड्यांत लोकांच्या घरी जायचा. स्क्रीनसेव्हर लागला की घरचा प्रोसेसर त्यात परग्रहावरून आलेला संकेत शोधायचा आणि उत्तर परत पाठवायचा. जगभरातून ५० लाखांहून जास्त लोक सामील झाले. परग्रहवासी काही सापडले नाहीत, आणि ३१ मार्च २०२० पासून नवं काम वाटणं बंद झालं. पण त्याच मंडळींनी, डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने, कामं वाटण्याची ती यंत्रणा कुठल्याही प्रकल्पाला वापरता येईल अशी वेगळी काढली होती. तेच बॉइंक. सोर्स कोड खुला आहे, कोणीही वाचून बघू शकतो.

आता दुसरी बाजू. २००२ साली गाणी उतरवून घेण्यासाठी काझा नावाचं सॉफ्टवेअर फार चालत होतं. त्याच्यासोबत ब्रिलियंट डिजिटल या कंपनीचा एक प्रोग्रॅम गुपचूप येत होता, हे त्या वर्षी उघडकीला आलं. ‘तुमच्या कॉम्प्युटरची न वापरलेली शक्ती आणि डिस्कवरची मोकळी जागा आम्ही मोबदला न देता वापरू शकतो’ या अर्थाचं कलम त्याच्या लांबलचक अटींत पुरून ठेवलेलं होतं. ‘आय ॲग्री’ दाबणाऱ्या किती जणांनी ते वाचलं असेल? पुढे २०१५ मध्ये यूटोरेंटसोबत एपिक स्केल नावाचं सॉफ्टवेअर येऊ लागलं. ते क्रिप्टो नाण्यांचं मायनिंग करायचं, म्हणजे तुमच्या प्रोसेसरकडून आकडेमोड करून घेऊन ती नाणी कमवायचं, आणि कमाईतला वाटा धर्मादाय कामाला देतो असं सांगायचं. न विचारता आलं म्हणून वापरणाऱ्यांनी ओरड केली आणि ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे ‘रिकामी शक्ती चांगल्या कामाला’ ही भाषा चोरांनाही पाठ आहे.

तुमच्या प्रश्नाला नेमका लागू पडणारा प्रकार जुलै २०२४ मधला. हंट्रेस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना असं दिसलं, की काही हॅक झालेल्या साइटवर ‘तुमचा ब्राउझर जुना झाला, अपडेट करा’ असं खोटं पान येतं, आणि ते ‘अपडेट’ चालवलं की मशीनवर चक्क बॉइंक बसतं. सॉफ्टवेअर खरंच. फक्त ते संशोधन प्रकल्पाऐवजी रोझेटा ॲट होम या बॉइंकवरच्या खऱ्या प्रकल्पाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेतलेल्या चोरांच्या सर्व्हरला जोडलेलं. फाइलचं नावही बदललेलं, विंडोजचाच काही भाग वाटावा असं. अशी दहा हजारांच्या आसपास मशीन त्या सर्व्हरना जोडलेली आढळली. त्यांच्याकडून आकडेमोड करून घेतल्याचं मात्र दिसलं नाही. दूरच्या मशीनला काम पाठवायची तयार यंत्रणा चोरांना आयती मिळाली होती. तुमच्या शेजाऱ्यांनी कुठेतरी हीच बातमी अर्धवट वाचली असेल.

तेव्हा ‘परक्याचा प्रोग्रॅम माझ्या मशीनवर चालतो’ एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याला कोणी बोलावलं, तो काय करतोय ते दिसतं का, आणि थांब म्हटल्यावर थांबतो का, हे बघायचं. त्यासाठी आपल्या मशीनवर रात्री काय चालतं ते बघता यायला हवं, आणि दान करण्याआधी तेच शिकून घ्यावं असं माझं मत.

म्हणून तुमच्या पंख्यापासून सुरुवात करू. रात्री पंखा फिरला की लोकांना लगेच व्हायरस आठवतो, पण पुष्कळदा ही चोर सोडून संन्याशाला सुळी असते. विंडोज स्वतःची देखभालीची कामं मशीन रिकामं असताना काढतं, आणि त्याची ठरलेली वेळ रात्री दोनची असते. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, डिफेंडरचं स्कॅनिंग, अपडेटची तयारी, डिस्कची आवराआवर वगैरे. तुम्ही माउस हलवला की हे काम थांबतं, पंखा शांत होतो, आणि माणसाला वाटतं, बघा, आपण आलो आणि चोर पळाला! गंमत अशी की खरा मायनर, म्हणजे चोरून मायनिंग करणारा प्रोग्रॅमही तसाच वागतो. अनेक मायनर टास्क मॅनेजर (मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडल्याबरोबर गप्प बसतात आणि बंद केल्यावर पुन्हा सुरू होतात. त्यामुळे नुसता टास्क मॅनेजर उघडून निकाल लागत नाही.

मी काय करतो ते सांगतो. मशीन रात्रभर चालू ठेवायचं आणि टास्क मॅनेजर आधीपासून उघडाच ठेवायचा. पंखा मग फिरलाच नाही, आणि टास्क मॅनेजर बंद ठेवलेल्या रात्री फिरला, तर संशय पक्का होत जातो. पुढची पायरी म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातली दोन मोफत साधनं, प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स. ऑटोरन्समध्ये मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी येते. ती लांबलचक असते, घाबरून जायचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या नोंदी लपवायचा पर्याय निवडला की यादी बरीच आखडते. उरलेल्यांत ज्याच्यावर कोणाची डिजिटल सही नाही आणि जे ‘ॲपडेटा’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरमधून चालतं, त्याच्याकडे बघायचं. टास्क शेड्युलरचा टॅबही याच साधनात आहे. मायनर बहुधा तिथेच, ‘अपडेट’ असं सोज्वळ नाव घेऊन बसलेला असतो.

आणखी एक जागा आहे. तिकडे फार कमी लोक पाहतात, मी मात्र सगळ्यात आधी तीच बघतो. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये जा, मॅनेज सेटिंग्ज, आणि खाली एक्स्क्लूजन्स. ‘इथे स्कॅन करू नकोस’ असं डिफेंडरला सांगितलेल्या फोल्डरांची ही यादी. साध्या घरगुती मशीनवर ती रिकामी असायला हवी. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनवर तिथे कधीकधी अख्खा सी ड्राइव्ह लिहिलेला सापडतो. म्हणजे अँटिव्हायरस चालू आहे, हिरवी खूण दिसते आहे आणि तो काहीच तपासत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. ही करणी बहुतेक वेळा क्रॅकची असते. विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करून देणारा ॲक्टिव्हेटर, डीटीपीचं किंवा हिशोबाचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल करण्याआधी ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना त्यासोबत हटकून येते आणि आपण ती इमानेइतबारे पाळतो. मुलाच्या जुन्या डेस्कटॉपवर असं काही आहे का, ते त्याला एकदा न रागावता विचारा. रागावलात तर खरं सांगणार नाही.

पंख्याचं एवढं सांगितलं, पण खरी भीती पंखा न फिरवणाऱ्या चोराची आहे. मायनर तुमची वीज खातो, आवाज करतो, सापडतो. हल्लीचं स्पायवेअर म्हणजे ज्यांना इन्फोस्टीलर म्हणतात ते प्रोग्रॅम. ते काही मिनिटांत काम आटपून निघून जातात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, ऑटोफिलमधले कार्डाचे तपशील आणि मुख्य म्हणजे लॉगिनच्या कुकीज (तुम्ही लॉगिन केलंय याची ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण), हे सगळं गोळा करून पाठवून देतात. कुकी हाती लागली की तुमच्या जीमेलमध्ये शिरायला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी, कारण तुम्ही आधीच आत आलेले आहात असं त्या साइटला वाटतं. लुम्मा नावाच्या अशा एका स्टीलरविरुद्ध मे २०२५ मध्ये मोठी कारवाई झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांगितलेला आकडा होता ३ लाख ९४ हजार विंडोज मशीन, आणि तेही फक्त दोन महिन्यांतली.

हे आत येतं कसं? क्रॅकमधून येतंच. दुसरा रस्ता मात्र असा आहे की शिकलेसवरलेले लोकही फसतात. एखादी साइट उघडता आणि ‘मी रोबो नाही’ हा ओळखीचा चौकोन येतो. त्यावर क्लिक केलं की पडताळणीच्या नावाखाली तीन पायऱ्या दिसतात. विंडोज की धरून आर दाबा, मग कंट्रोल धरून व्ही, मग एंटर. यात घडतं काय, तर तुम्ही क्लिक केलंत त्याच क्षणी त्या पानाने तुमच्या क्लिपबोर्डवर एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या पायरीला रनचा छोटा डबा उघडतो, दुसरीला ती आज्ञा त्यात पेस्ट होते. आज्ञा लांब असते आणि डबा अरुंद, त्यामुळे दिसतं फक्त शेवटचं टोक, आणि तिथे मुद्दाम ‘मी रोबो नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. डावीकडे, नजरेआड, पॉवरशेलची, म्हणजे विंडोजकडून थेट काम करून घेणाऱ्या साधनाची आज्ञा. एंटर दाबला की तुम्ही स्वतःच्या हाताने चोराला आत घेतलेलं असतं. अँटिव्हायरसची अडचण अशी की काम मालकानेच सांगितलेलं आहे. एक नियम लिहून मॉनिटरला चिकटवा: कुठलीही साइट सांगते म्हणून रनच्या डब्यात काहीही पेस्ट करायचं नाही. याला अपवाद नाही.

स्टीलर येऊन गेल्याचा संशय असेल तर क्रम महत्त्वाचा. त्याच मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोराकडे जाईल. आधी त्याचं इंटरनेट तोडा. मग फोनवरून किंवा दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून ईमेलचा पासवर्ड बदला आणि ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा. हे केल्याशिवाय चोरलेली कुकी मरत नाही. त्यानंतर बँक, मग बाकीचं. पैसे गेले असतील तर विचार करत बसू नका, ताबडतोब १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. आणि ते मशीन ‘साफ’ करत बसू नका. फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा, डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. एखादा दुरुस्तीवाला चार क्लीनर चालवून ‘झालं सर’ म्हणाला, तर पैसे द्या आणि मशीन तरीही पुसा.

रोजच्या बचावाबद्दल फार लांबवत नाही. विंडोजसोबत येणारा डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. विकतचा हवा असेल तर घ्या, पुण्याचा क्विक हील आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहेच. पण दोन अँटिव्हायरस एकत्र नकोत. ते एकमेकांच्याच पायात पाय घालतात. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे बॉट (मशीन चोराच्या ताब्यात देणारे प्रोग्रॅम) काढून टाकायची मोफत साधनं मिळतात, ती ठाऊक असलेली बरी. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर डबल-क्लिक करू नका. तुमच्या फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. त्यापेक्षा प्रिंटसाठी पीडीएफ फोनवरून पाठवून द्यावी, पेन ड्राइव्ह न्यायची गरजच उरत नाही. ब्राउझरची एक्स्टेन्शन तपासा आणि आठवत नसेल ती उडवा.

यात मला सगळ्यात मोलाचा वाटणारा उपाय फुकटचा आहे आणि तोच कोणी करत नाही. रोजचं काम ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यावरून करू नका. एक ॲडमिन खातं वेगळं ठेवा, त्याचा पासवर्ड डायरीत लिहा, आणि स्वतःसाठी स्टँडर्ड युझरचं खातं बनवा. स्टीलर तरीही तुमच्या खात्यातलं चोरू शकतो, हे खरं. पण एक्स्क्लूजन्समध्ये सी ड्राइव्ह लिहिणं किंवा विंडोजच्या मुळाशी जाऊन बसणं त्याला पासवर्डशिवाय जमत नाही.

आता दानाकडे येतो. त्याआधी एक फरक लक्षात ठेवा, कारण सध्या बरीच फसवणूक तिथेच होते. प्रोसेसर देणं वेगळं आणि इंटरनेट कनेक्शन देणं वेगळं. ‘तुमचं न वापरलेलं इंटरनेट शेअर करा, महिन्याला पैसे मिळवा’ अशी ॲप असतात. काही मोफत व्हीपीएन तर न सांगताच हे करतात. त्यात परक्या माणसाचा व्यवहार तुमच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या कनेक्शनच्या क्रमांकावरून बाहेर जातो. मे २०२४ मध्ये अमेरिकेने ९११ एस-फाइव्ह नावाचं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशा मोफत व्हीपीएनमधून ते लोकांच्या मशीनमध्ये शिरलेलं होतं, आणि त्यात १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते अडकले होते. तुमच्या पत्त्यावरून कोणी गुन्हा केला, तर पोलीस आधी तुमचं दार वाजवणार. तेव्हा आपलं इंटरनेट कोणालाही देऊ नका, पैसे देत असतील तर अजिबातच नको.

बॉइंक यातलं काही करत नाही. ते प्रकल्पाच्या सर्व्हरकडून कामाचा तुकडा आणतं, सोडवतं, उत्तर पाठवतं. बाहेरून कोणी तुमच्या मशीनला जोडत नाही, जोडणी नेहमी तुमच्याकडून सुरू होते, त्यामुळे राउटरमध्ये कुठलाही पोर्ट उघडायला लागत नाही. गणित करणारा प्रोग्रॅम प्रकल्पाच्या डिजिटल सहीने येतो आणि बॉइंक ती सही तपासूनच तो चालवतं. सही करायची गुप्त किल्ली इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर ठेवावी, असं प्रकल्पांना सांगितलेलं असतं. म्हणजे सर्व्हर हॅक झाला तरी चोराला स्वतःचा प्रोग्रॅम तुमच्याकडे पाठवणं अवघड जातं. उलट बाजूचा अविश्वासही आहे बरं का. प्रकल्पांचा तुमच्यावरही भरवसा नसतो. आइन्स्टाइन ॲट होमसारखे बॉइंकवरचे प्रकल्प एकच तुकडा दोन वेगळ्या घरी पाठवतात आणि उत्तरं जुळली तरच मान्य करतात. कोणी खोटी उत्तरं पाठवतं, कोणाची रॅम खराब असते.

तरीही धोका शून्य नाही. तुम्ही ज्या प्रकल्पाला जोडता, त्याचा प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालतो. म्हणून विद्यापीठाचा किंवा नावाजलेल्या संस्थेचाच प्रकल्प निवडा, आणि पत्ता बॉइंकच्या आतल्या यादीतून घ्या, कोणी पाठवलेल्या लिंकवरून नको. प्रकल्पाकडे तुमचा ईमेल, मशीनचा प्रोसेसर, रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती जाते. ईमेल या कामासाठी वेगळा काढा आणि खात्याच्या सेटिंगमध्ये ‘माझी मशीन इतरांना दाखवू नका’ निवडा.

कोणता प्रकल्प? तुम्ही विज्ञान शिकवलंत, मी आइन्स्टाइन ॲट होम सुचवेन. २००५ पासून चालू आहे. ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी एक पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ संकेत देणारा फिरता न्यूट्रॉन तारा) जाहीर केला, तो आयोवातल्या एका दांपत्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका वापरकर्त्याच्या कॉम्प्युटरने शोधून काढला होता. डेटा पुन्हा आरेसिबोचाच. हाच प्रकल्प अमेरिकेतल्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो यंत्रांचा डेटाही चाळतो. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांतून सतत येत राहणाऱ्या, अतिशय मंद गुरुत्वीय लहरी त्यात शोधतात. ताऱ्यांच्या टकरीतून आलेल्या लहरी सापडल्या, या मंद लहरी मात्र आजवर हाती लागलेल्या नाहीत. म्हणूनच तर इतकी आकडेमोड लागते. आणि लायगोचं भारतातलं यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि पुण्याची आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था त्यात सहभागी आहे. शाळेतल्या मुलांना दाखवायला याहून चांगलं काय मिळणार?

औषधांच्या संशोधनात रस असेल तर फोल्डिंग ॲट होम आहे. ते बॉइंकवर नाही, त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे. २००० साली स्टॅनफर्डमध्ये विजय पांडे यांनी सुरू केलं. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या काळात इतके लोक जोडले गेले, की त्याची एकत्रित ताकद एक एक्झाफ्लॉपच्या, म्हणजे सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या आकडेमोडींच्या पुढे गेली. तोवर जगातला कुठलाही एकटा सुपरकॉम्प्युटर तिथे पोचला नव्हता. पण त्याचं बरंचसं काम ग्राफिक कार्डावर चालतं, आणि तुमच्या डेस्कटॉपमध्ये चांगलं कार्ड नसावं असा माझा अंदाज. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडचंही नाव ऐकाल. आयबीएमने २००४ मध्ये सुरू केलं, २०२१ मध्ये टोरोंटोच्या क्रेम्बिल संस्थेकडे सोपवलं. त्यानंतर ते बरेच दिवस बंद पडलेलं होतं, म्हणून पहिली निवड म्हणून मी सुचवत नाही.

पुतण्याचं एक वाक्य मात्र मला मान्य नाही: ‘नुसतं पडून असतं.’ १९९९ मध्ये ते बरंच खरं होतं. विंडोज ९५-९८ च्या काळातला प्रोसेसर रिकामा असतानाही फिरत राहायचा आणि वीज खायचा. आजचा प्रोसेसर काम नसलं की खरोखर झोपतो. त्याला रात्रभर कामाला लावलं की विजेचा वापर वाढतो, म्हणजे तुम्ही दान करता ते विजेचं. हिशोब करा. तुमच्यासारखा डेस्कटॉप पूर्ण भारावर रिकाम्यापेक्षा साधारण ५० वॉट जास्त घेईल. रोज दहा तास म्हणजे अर्धं युनिट, महिन्याला १५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर दीडशे रुपये. मुळात जो डेस्कटॉप रात्री बंद असता, तो चालू ठेवल्याचा खर्च याच्यावर आणखी. घरचा वापर ३०० युनिटच्या काठावर असेल तर वरचे युनिट पुढच्या स्लॅबच्या दराने लागतील, तेही बिलात बघून घ्या. दीडशे-दोनशे रुपयांत दान होत असेल तर मला ते महाग वाटत नाही, पण ते फुकट नाही एवढं ठाऊक असावं.

सेटिंग बसवताना ‘कॉम्प्युटर वापरात असताना थांब’ आणि ‘बॅटरीवर असताना थांब’ हे दोन्ही चालू करा. चार कोअर असतील तर दोनच द्या, म्हणजे सीपीयूच्या वापराची मर्यादा ५० टक्के. त्याखाली सीपीयूच्या वेळेचा टक्का असतो, तो १०० च ठेवा. तो कमी केला की प्रोसेसर सारखा चालू-बंद होत राहतो आणि पंखा किरकिर करतो. वेळ रात्री अकरा ते सकाळी सहा अशी बांधून टाकता येते. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात तर पूर्ण बंदच ठेवावं. सुरू करण्याआधी कॅबिनेट उघडून प्रोसेसरच्या पंख्याखालची धूळ ब्लोअरने काढा, आणि मशीन इतकं जुनं आहे तर थर्मल पेस्टही बदलून घ्या. लॅपटॉपवर मात्र हे काही चालवू नका. सतत गरम राहून बॅटरी फुगते, आणि ज्या मशीनवर बँकेचं काम होतं त्यावर कमीत कमी प्रोग्रॅम असलेले बरे.

शाळेच्या संगणक कक्षात वीस मशीन रात्री रिकामी असतात, हा विचार तुमच्या मनात येईलच. व्यवस्थापनाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय करू नका. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका महाविद्यालयाच्या सिस्टिम ॲडमिनने १९९९ मध्ये तिथल्या मशीनवर असाच रिकामा वेळ वापरणारा एक प्रकल्प टाकला. पुढे त्याच्यावर फौजदारी खटला उभा राहिला आणि शेवटी तडजोडीत दंड आणि समाजसेवेवर निभावलं. आपल्याकडेही मालकाच्या परवानगीशिवाय मशीन वापरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. हेतू चांगला होता, हे नंतर सांगून फारसा उपयोग होत नाही.

राहिला तुमचा डेस्कटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची नोंदणी केलेल्यांनाही सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि आडवाटेने टाकून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. तेव्हा त्यातले फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, डिस्क पूर्ण पुसा आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. पंख्याचं गूढ उकललं नसेल तरी त्यासोबत निकालात निघेल. बॉइंक मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच मिळतं आणि ते ‘बॉइंक’ नावाच्या वेगळ्या युझरखाली चालतं, तुमच्या फोल्डरमध्ये त्याला मुभा नसते. या मशीनवर ईमेल, बँक, काही उघडायचं नाही. आठवडाभर चालवून बघा, तापमान आणि मीटर दोन्ही पाहा. परवडत नाही असं वाटलं तर सरळ काढून टाकण्याआधी प्रकल्पाच्या नावावर ‘नो न्यू टास्क्स’ दाबा आणि हातात असलेले तुकडे पूर्ण होऊन परत जाऊ द्या. नाहीतर मुदत उलटेपर्यंत ते तुमच्याच नावावर अडकून पडतात, आणि ज्याने तोच तुकडा सोडवून दिलाय त्याचं उत्तरही जुळणीसाठी थांबून राहतं.